कापणीच्या पात्याची डागडुजी

शेतीच्या अवजारांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा शोधकांचीं चरित्रें लिहितात. कोणीं काय शोधून काढिलें, कोणत्या सालीं त्याचा हक्क नोंदविला, व त्यामुळें एका दिवसांत किती एकर पीक कापून झालें, एवढें सांगितलें म्हणजे त्यांचें काम संपतें. परंतु जें अवजार शेतकऱ्याच्या हातीं वीस-तीस वर्षें राहतें, त्याच्या आयुष्यांत शोधाचा दिवस एकच असतो. मोडण्याचे व दुरुस्त होण्याचे दिवस मात्र शेंकड्यांनीं मोजावे लागतात. त्यांतहि कापणीचें पातें हें असें साधन आहे कीं, तें वापरणें म्हणजेच तें झिजविणें होय. तेव्हां पातें बोथटलें अथवा तुटलें असतां तें नीट कोण करीत असे, कोणत्या रीतीनें करीत असे, आणि त्या कामाचें मोल कोणास पोंचत असे, हें पाहिल्यावांचून कापणीच्या साधनांचा इतिहास अर्धाच राहतो, असें आम्हांस वाटतें. हा दुसरा अर्धा भाग थोडाबहुत सांगण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

पात्याची दुरुस्ती धातूपेक्षांहि जुनी आहे. पश्चिम आशियांत दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं जे लोक रानांत आपोआप उगवलेला गहूं व जव कापून आणीत, त्यांचे विळे हाडाच्या किंवा लांकडाच्या मुठीला खोबण पाडून तींत चकमकीच्या दगडाचीं बारीक पातीं एकाशेजारीं एक बसवून केलेले असत. काड्या कापून कापून या पात्यांच्या कडेला जी तकाकी चढली, ती अद्यापहि ओळखूं येते. आपल्या महाराष्ट्रांत, पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथें सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं जव पिकविणाऱ्या लोकांचीं गारेच्या जातीच्या दगडाचीं लहान लहान पातीं विपुल सांपडलीं. असलीं पातीं नुसतीं चिमटींत धरून वापरावयाचीं नसत. तीं लांकडांत ओळीनें बसवीत. या रचनेंतील शहाणपण असें कीं, एक पातें तुटलें तर तेवढेंच उपटून त्या जागीं दुसरें रोंवितां येई. बाकीचा विळा जसाच्या तसा कामास येई. लोखंड हातीं आल्यावर हें शहाणपण मनुष्य जवळजवळ विसरला, आणि तें पुन्हा सुचण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. तो भाग पुढें येईलच.

लोखंडी विळा एकसंध असतो. त्याची धार मंदावली तर दगडावर घांसून आणतां येते. पण घांसून घांसून कड जाड झाली, अथवा धोंड्यावर आपटून खांडें पडलें, कीं शेतकऱ्याचा इलाज खुंटतो. मग लोहाराच्या भात्याकडे जाणें आलें. लोहार पातें तापवितो, ऐरणीवर ठोकून लोखंड पुन्हा कडेकडे ओढतो, आणि अखेरीस पाणी देतो. हें पाणी देणें सर्वांत नाजूक. तें कमी पडलें तर धार वळते, अधिक झालें तर पातें कांचेसारखें उडतें. आणि योग्य वेळ कोणती हें तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ओळखावयाचें असतें. विळा दातेरी असेल तर छिन्नीनें एकेक दांता नव्यानें पाडावा लागतो. फाळ, कुऱ्हाड, विळा यांची अणी किंवा धार अशी ठोकून पुन्हा काढण्याला आमच्याकडे ‘शेवटणें’ असा खास शब्द आहे. ज्या कामाला भाषेनें स्वतंत्र क्रियापद दिलें, तें काम गांवांत किती वेळां होत असलें पाहिजे, हें वाचकांनींच ताडावें.

या कामाचें वेतन कसें मिळे, हें अधिक महत्त्वाचें आहे. लोहार हा थोरल्या ओळींतला बलुतेदार. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत बलुत्याच्या व्यवस्थेचें जें विस्तृत वर्णन केलेलें आहें, तें या दृष्टीनें अवश्य वाचावें. लोखंड व कोळसा शेतकऱ्यानें पुरवावयाचा, मेहनत लोहारानें करावयाची. आणि दर कामागणिक पैसे न देतां सुगीला खळ्यावर ठरीव धान्य व पेंढ्या लोहाराच्या पदरांत टाकावयाच्या, असा सर्वसाधारण रिवाज होता. या रिवाजाचा एक परिणाम सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. विळा दोनदां शेवटला काय किंवा पांचदां शेवटला काय, लोहाराचें बलुतें तेवढेंच. अर्थात् ज्याचें पाणी चांगलें, ज्याची धार टिकाऊ, त्याला श्रम कमी व वेतन तेंच. पातें पुन्हा लवकर न बिघडणें यांतच दुरुस्ती करणाराचा फायदा होता. पुढें कारखानदारीच्या काळांत हा संबंध अगदीं उलटा झाला.

तथापि बलुत्याचे गोडवे गाण्याचें आमच्या मनांत नाहीं. लोहाराला दर ठरविण्याची मोकळीक नव्हती, आणि मुलानें दुसरा धंदा करावा असें त्याच्या मनांत आलें तरी जातीची भिंत आडवी येई. दुष्काळांत खळेंच भरलें नाहीं, तर कामें करून ठेविलेल्या लोहारानें मागावें कोणापाशीं? शिवाय सर्वच पिकांना पातें लागतें असेंहि नाहीं. सोलापुराकडे रब्बीची ज्वारी पुष्कळ ठिकाणीं मुळासकट उपटूनच काढतात. परंतु गहूं, भात, गवत यांची गोष्ट निराळी. तेथें सगळ्या सुगीची भिस्त त्या हातभर लोखंडावर, आणि त्या लोखंडाची भिस्त गांवांतल्या एका माणसावर असे.

युरोपांत या अवलंबनाला थोडा फांटा फुटला होता. तेथें गवत कापण्यास लांब दांड्याचें, उभ्यानें फिरवावयाचें मोठें पातें असे. त्याची कड अतिशय पातळ लागते, आणि ती तापवून नव्हे तर थंडच ठोकून पातळ करितात. कापणारा आपल्याबरोबर एक लहानशी ऐरण व हातोडी घेऊन जाई, ऐरण जमिनींत अथवा ओंडक्यांत ठोकी, आणि विसाव्याच्या वेळीं पात्याची कड बोटाबोटानें ठोकून काढी; मधूनमधून कमरेला लावलेल्या दगडानें धार देई. म्हणजे दुरुस्तीचें निम्में काम तेथें लोहाराकडून कापणाराकडे आलेलेंच होतें. पुढें यंत्राच्या पात्याची दुरुस्ती शेतकऱ्याच्या अंगवळणीं लवकर पडली, याला ही जुनी संवय कारण झाली असावी.

आतां यंत्राकडे वळूं. कापणीयंत्राच्या शोधकांपुढें खरी अडचण चाकांची किंवा घोड्यांची नव्हती. ती पात्याची होती. हातानें कापणारा डाव्या मुठींत काड्या धरतो व उजव्या हातानें विळा ओढतो. यंत्राला डावा हात नाहीं. मोकळ्या उभ्या काडीवर पातें नुसतें रेटलें तर ती कापली न जातां वांकते. स्कॉटलंडांत पॅट्रिक बेल नांवाचा धर्मशास्त्राचा विद्यार्थी १८२६ पासून १८२८ पर्यंत या कोड्याच्या मागें लागला होता. बागेंतील झुडपें छाटण्याची कात्री पाहून त्याला वाट सुचली, व त्यानें यंत्राच्या तोंडाशीं कात्र्यांची एक रांगच बसविली. लोकांनीं हंसूं नये म्हणून त्यानें एका रिकाम्या लांबट जागेंत माती आणून पसरली, ओटच्या काड्या एकेक करून हातानें रोंवल्या, आणि दार लावून प्रयोग केला. पुढें खऱ्या शेतांतला पहिला प्रयोगहि भावाला बरोबर घेऊन रात्रींच उरकला. यंत्र चाललें. हायलंड सोसायटीनें त्याला ५० पौंडांचें बक्षीस दिलें. हक्क मात्र त्यानें नोंदविला नाहीं. शोध सर्वांचा असावा असें त्याचें मत होतें. बेलविषयीं आम्हांस मोठा आदर वाटतो. पण त्याच्या कात्र्यांत दोष असा होता कीं, प्रत्येक कात्रीला आपापली खीळ, आणि प्रत्येक खीळ निराळी झिजणार. सबंध रांग एकसारखी धारेवर ठेवणें हें शेतकऱ्याच्या आवांक्यांतलें काम नव्हतें.

अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतांतील सायरस मॅककॉर्मिक यानें १८३१ च्या उन्हाळ्यांत आपलें यंत्र शेतांत चालवून दाखविलें व १८३४ सालीं त्याचा हक्क नोंदविला. हें यंत्र त्याच्या घरच्या शेतावरील लोहारशाळेंत घडलें. तें घडविण्यास जो अँडरसन या गुलामाचें साहाय्य झालें, ही गोष्ट पुष्कळ दिवस जयजयकाराच्या गलबल्यांत मागें पडली होती. मॅककॉर्मिकचें पातें म्हणजे एकच लांब सरळ पट्टी, कडेला बारीक दांते, आणि घोड्यांच्या चालीबरोबर ती डावी-उजवीकडे भराभर सरकावयाची. म्हणजे दातेरी विळाच ताणून सरळ केलेला, असें म्हणावयास हरकत नाहीं. तो कापी चांगला. पण त्याचें दुखणेंहि विळ्याचेंच होतें. एका जागीं दांते उडाले कीं सगळी पट्टी काढून लोहाराकडे न्यावयाची, आणि तेवढा वेळ शेत उभें.

याच सुमारास ओबेड हसी या एकाक्ष माणसानें, जो पूर्वीं खलाशी होता, ३१ डिसेंबर १८३३ रोजीं, म्हणजे मॅककॉर्मिकच्या आधीं, आपल्या यंत्राचा हक्क मिळविला. त्याच्या यंत्राला एकसंध पातें नव्हतेंच. पोलादी पत्र्याचे लहान त्रिकोण एका लोखंडी पट्टीवर ओळीनें रिबिटा मारून बसविलेले, आणि ती पट्टी पुढें आलेल्या लोखंडी बोटांच्या चिरांतून इकडून तिकडे सरकणारी. बोट काडीला धरून ठेवी, त्रिकोण ती कापी. डाव्या हाताची उणीव अशी भरून निघाली. शोधाचा मान कोणाचा, या वादांत दोन्ही पक्षांनीं रीमच्या रीम कागद खर्च केले. आमचें मत सांगावयाचें तर, व्यापार मॅककॉर्मिकचा, पण पातें हसीचें. कारण पुढें जगभर जें टिकलें तें त्रिकोणांचें पातें. इनामगांवच्या शेतकऱ्याच्या लांकडी विळ्यांतील दगडी पात्यांची ओळ आणि हसीच्या पट्टीवरील त्रिकोणांची ओळ, यांत कल्पनेच्या दृष्टीनें अंतर फारसें नाहीं; एकानें दुसऱ्याचें पाहिलें नाहीं इतकेंच.

हसीचेंहि पातें पहिल्यापासून निर्दोष नव्हतें. ओल्या गवताचा चोथा बोटांच्या चिरांत अडके, पट्टी जाम होई, व घोडे थांबत. यावर त्यानें १८४७ सालीं बोटाची चीर मागच्या बाजूनें उघडी ठेवण्याची युक्ति काढिली. चोथा आपोआप मागें गळून पडूं लागला. १८५१ च्या लंडन येथील जगप्रसिद्ध प्रदर्शनांत मॅककॉर्मिकला मोठें पदक मिळालें, तर त्याच वर्षीं सप्टेंबरांत क्लीव्हलंडकडे झालेल्या चढाओढींत परीक्षकांनीं हसीचें यंत्र पसंत केलें. पण हसी व्यवहारांत कच्चा. तो १८६० सालीं आगगाडीखालीं सांपडून मरण पावला, तेव्हां मॅककॉर्मिकचा शिकागोचा कारखाना भरभराटींत होता.

हें त्रिकोणांचें पातें दुरुस्त कसें करितात, तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण त्यांतच या शोधाचें मर्म आहे. त्रिकोणाची बुडाची रुंदी सामान्यतः तीन इंच असते, व तो दोन रिबिटांनीं पट्टीवर पक्का केलेला असतो. शेतांत एखादा धोंडा लागून त्रिकोणाचें टोंक उडालें, तर पट्टी यंत्रांतून ओढून काढावयाची आणि शेगड्यांत अशी आडवी धरावयाची कीं, पट्टी शेगड्याच्या ओठांवर टेकेल व त्रिकोण टोंक खालीं करून लोंबत राहील. मग त्रिकोणाच्या मागच्या कडेवर हातोड्याचा एक नेमका टोला दिला कीं, दोन्ही रिबिटा कातरल्यासारख्या तुटतात आणि त्रिकोण सुटून पडतो. भोंकांत अडकलेले रिबिटांचे तुकडे टोच्यानें पाडावयाचे, नवा त्रिकोण ठेवावयाचा, नव्या रिबिटा थंडच ठोकून त्यांचीं डोकीं बसवावयाचीं. भट्टी नको, भाता नको, पाणी देणें नको. तें सगळें कारखान्यांत आधींच झालेलें असतें. सरावलेल्या माणसाला या कामाला कांहीं मिनिटें पुरतात. पिकलेला गहूं फार दिवस उभा राहत नाहीं, दाणे झडूं लागतात. तेव्हां कापणीच्या ऐन घाईंत वांचलेला एक दिवस म्हणजे काय, तें ज्यानें सुगी पाहिली आहे त्यास सांगावयास नको.

गवत कापणाऱ्या यंत्राचे त्रिकोण गुळगुळीत कडेचे असत. ते दगडाच्या चाकावर धरून पाजवीत. एकानें चाक फिरवावें, दुसऱ्यानें ती मनुष्याएवढी लांब पट्टी पेलून एकेक त्रिकोण दगडाला लावावा. चाक फिरविण्याचें काम घरांतील मुलांकडे येई, व तें त्यांना मुळींच आवडत नसे. गव्हाच्या काडीसाठीं मात्र दांते पाडलेले त्रिकोण लागत, कारण पिकलेली काडी गुळगुळीत पात्यावरून निसटते. आपला लोहार विळ्याला दांते पाडतो तेंहि याचसाठीं.

पण नुसते त्रिकोण बदलले म्हणजे दुरुस्ती झाली, असें मानणारा फसतो. हें पातें म्हणजे कात्री, आणि कात्रीला पातीं दोन. दुसरें पातें बोटाच्या पोटांत बसविलेली एक लहान पोलादी चकती असते, व तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तिची कड गोल झाली, किंवा वरून दाबून धरणाऱ्या पट्ट्या सैल पडून त्रिकोण व चकती यांत फट राहिली, तर काडी कापली न जातां त्या फटींत दुमडते. मग पातें जड चालतें, घोडे घामाघूम होतात, आणि शेतकरी बिचारा त्रिकोणांची धार पुन्हा पुन्हा पाजवीत बसतो. बोट वांकडें झालें असेल तर पट्टीच्या एका टोंकाकडून डोळा लावून सगळीं बोटें एका रेषेंत आहेत कीं नाहींत तें पाहावयाचें, व चुकलेलें बोट हातोड्यानें ठोकून रेषेंत आणावयाचें. शिवाय पट्टी एका बाजूला पुरी सरकली असतां प्रत्येक त्रिकोण बोटाच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. तो अलीकडे-पलीकडे राहिला तर कापलेल्या पट्ट्यांत काड्यांचे तुरे उभे राहतात. जुनें यंत्र चालूं ठेवणाऱ्या शेतकऱ्याचें कसब या गोष्टी ओळखण्यांत असे. कारखान्याला तें पेटींत घालून विकतां येत नव्हतें.

आतां या बदलाची दुसरी बाजू. दुरुस्ती लोहाराच्या भट्टीवरून शेताच्या बांधावर आली खरी. पण त्रिकोण आला कोठून? तो कारखान्यांतून आला, अडत्याच्या दुकानांत टांगला गेला, आणि रोख पैसे मोजून घ्यावा लागला. लोहाराला विळा न बिघडण्यांत फायदा होता. त्रिकोण विकणाराला त्रिकोण तुटण्यांत आहे. आम्ही कोणावर लबाडीचा आरोप करीत नाहीं. फरक माणसांच्या नीतीचा नाहीं, वेतनाच्या रीतीचा आहे. आणि आणखी एक मौज पाहा. एकाच मापाचे भाग, कोणत्याहि यंत्राला बसणारे, असा कारखानदारीचा डंका फार लौकर वाजूं लागला. परंतु मॅककॉर्मिकच्या कारखान्यांत १८८० च्या सुमारापर्यंत बरेंचसें काम जुन्या लोहारी-सुतारी पद्धतीनेंच चालत असे. १८८० सालीं सायरसचा भाऊ लिअँडर याच्याकडून कारखान्याची व्यवस्था निघाल्यावर तेथें तंतोतंत मापाचे भाग करण्याची शिस्त आली. त्यापूर्वींचे सुटे भाग पुष्कळदां घांसूनपुसून बसवावे लागले असतील, यांत नवल नाहीं. म्हणजे गांवचा लोहार यंत्रयुगाच्या पहिल्या पन्नास वर्षांत हद्दपार झाला नव्हता. तो कानस घेऊन दाराशीं उभाच होता.

महाराष्ट्रांत ओढून न्यावयाचीं हीं कापणीयंत्रें त्या काळीं रुजलीं नाहींत. लहान वाफे, मजुरीचे दर, आणि कडबा-भुसा वांया न घालविण्याची आमची रीत, हीं त्याचीं कारणें उघड आहेत. पण काढून पाजवावयाचें, बदलावयाचें पातें शेतकऱ्याच्या घरांत शिरलें तें निराळ्या वाटेनें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं कडबा कापण्याचें यंत्र केलें. १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. (त्याच कारखान्यांतून पुढें एक नामांकित मासिकहि निघालें, हें मासिकांच्या वाचकांस ठाऊक असेलच.) कडबा कापण्याच्या यंत्राचीं पातीं चाकाला बोल्टांनीं आंवळलेलीं असतात, तीं सोडवून पाजवावीं, व पुन्हा बसवितांना कडेच्या पट्टीशीं त्यांचें अंतर जुळवावें. हें अंतर जुळविणें म्हणजे वर सांगितलेली कात्रीचीच गोष्ट. विळा शेवटून आणणाऱ्या शेतकऱ्यानें पान्याशीं पहिली ओळख करून घेतली ती बहुधा येथें.

आज एकविसाव्या शतकांत कापणी व मळणी एकदम करणारीं अवाढव्य यंत्रें आलीं आहेत. त्यांचा मेंदू विजेचा, आणि त्या मेंदूची किल्ली कारखानदारानें आपल्यापाशीं ठेविली, म्हणून अमेरिकेंत शेतकऱ्यांनीं मोठें भांडण मांडलें. स्वतःचें यंत्र स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क त्यांना मिळावा, यासाठीं कोलोरॅडो संस्थानानें २०२३ सालीं कायदा केला व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलांत आला. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्याला असा हक्क कायद्यानें मागावा लागेल, हें खरेंसुद्धां वाटलें नसतें. आश्चर्य असें कीं, या सगळ्या जंजाळाच्या पुढच्या टोंकाला पातें आहे तें अद्याप हसीचेंच : एक पट्टी, तिच्यावर त्रिकोण, आणि लोखंडी बोटें. कांहीं यंत्रांत रिबिटांच्या जागीं बोल्ट आले, एवढाच फरक.

पंजाबाकडून निघालेलीं अशीं यंत्रें सुगीच्या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यापर्यंत येतात व एकरी भाड्यानें गहूं आणि सोयाबीन कापून देतात. सोयाबीनच्या शेंगा जमिनीलगत लागतात, म्हणून पातें अगदीं खालीं आणावें लागतें. आणि खालीं आणलें कीं आमच्या शेतांतला धोंडा त्याला भेटतो. यंत्रावरचा मनुष्य खालीं उतरतो, तुटका त्रिकोण हातोड्याच्या टोल्यानें उडवून लावतो, आणि बरोबरच्या पिशवींतला नवा बसवितो. परंतु धोंडा मोठा असला व पट्टीच पिळली गेली, तर पिशवी कामास येत नाहीं. मग गांवांत चौकशी होते. लोहाराचा नातू आतां भाता फुंकीत नाहीं, तो वेल्डिंगचें दुकान चालवितो. तो पट्टी सरळ करून देतो, आणि त्याचे पैसे तेथल्या तेथें रोख मोजून घेतो.